मोरीकडे तोंड

सकाळी सासूबाईंनी मधल्या खोलीतून हाक मारली तेव्हा मी सुजूच्या पायांत मोजे चढवत होते. भादव्याच्या उकाड्यात दहा महिन्यांच्या लेकराला मोजे कोण घालतं, असं त्या रोज विचारतात आणि मी रोज ‘डास’ म्हणते. हाक मोठी नव्हती. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून मारावी तशी हळू होती. म्हणूनच मी धावले.

मोरीच्या उंबऱ्यापासून भिंतीच्या कडेकडेने आमच्या खोलीच्या दाराकडे काहीतरी लांबट पडलं होतं. आधी मला तो पाण्याचा ओघळ वाटला, येऊन वाळून गेलेला. मग पंख्याच्या वाऱ्याने तो ओघळ थोडासा उचलला गेला आणि पुन्हा टेकला. श्वास घेतल्यासारखा.

“कात होय,” सासूबाई म्हणाल्या. “पोट्टीले मागे ने.”

मी सुजूला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

बाबा, म्हणजे माझे सासरे, अंघोळीला निघाले होते, खांद्यावर पंचा. बाबांची सगळी नोकरी इथे रायपूरला रेल्वेच्या वॅगन कारखान्यात गेली. तुटलेले डबे यायचे, धड होऊन जायचे. कुठलीही गोष्ट ते आधी वाकून, खालून बघतात. तसेच वाकले. चष्मा कपाळावरून खाली आला.

“तोंड मोरीकडे आहे,” त्यांनी निकाल दिला. “हे पाहा, इकडे रुंद, हे डोकं. मोरीतून बाहेर गेला. इंजिन जिकडे, गाडी तिकडे.”

“गेला?” मी विचारलं.

“गेला म्हणजे गेला. रिकामा कोट टाकून गेला.”

“पण कोणता होता?”

“कवड्या. पाली खाते बिचारा. यार्डात डब्याखाली कितीक पाहिले आम्ही. बिनविषारी जनावर, अंजनाबाईपेक्षा गरीब.”

“माहं नाव कायले घेता सकाळी सकाळी!” सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचाही जीव भांड्यात पडलेला दिसला.

तेवढ्यात शेजारची पिंकी कढीपत्ता मागायला आली. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कोणाकडे काय झालं ते तिला आधी कळतं आणि कढीपत्ता नंतर लागतो. तिने उंबऱ्यातूनच मान लांब केली. “दीदी, ये तो करायत हे! पट्टा देख न, पट्टा!”

“पिंकीले नाडा भी करायत दिसते,” बाबा म्हणाले आणि मोरीत गेले. आतून बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला. त्याच मोरीत, जिच्यातून तो गेला म्हणे.

पिंकीचं करायत म्हणजे आमचं मण्यार. आणि पट्टे कवड्यालाही असतात. एवढंच मला तेव्हा आठवलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

सगळं माझ्यापासूनच सुरू झालं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी सुजू दिवाणावरून पडली. फार नाही लागलं, डॉक्टर हसले, पण मला त्या धप्प आवाजाने झोप येईना. मीच हट्ट धरला की आता खाली झोपायचं. दिवाण उभा करून भिंतीला लावला, जमिनीवर गाद्या टाकल्या, चहूबाजूंनी उशांचा बांध. जमिनीवरून कोणी कुठे पडणार! सासूबाई म्हणाल्या होत्या, जमिनीवर ओल असते. मी म्हटलं, ओल चालेल.

आता ती अंथरुणं खोलीत पसरलेली होती आणि मी दाराशी उभी राहून त्यांच्याकडे पाहत होते. कवड्या असेल तर काही नाही. मण्यार असेल तर तो जमिनीवर निजलेल्या माणसांकडेच येतो, ऊब शोधत. त्याचा दंश मुंगीसारखा. कधी तर कळतही नाही. माणूस झोपेतच राहतो. मोठं माणूस निदान पोटात दुखतंय म्हणून उठेल. सुजूला तर ‘दुखतंय’ हा शब्दही अजून यायचा आहे.

दिवेलागणीपर्यंत मला ठरवायचं होतं.

मी यशदीपला, माझ्या नवऱ्याला, फोन लावला. तो सिलतऱ्याच्या एका कारखान्यात, सकाळच्या पाळीला. मागे लोखंड आपटल्याचे आवाज. मी मराठीत सांगत राहिले, तो हिंदीत ऐकत राहिला.

“पापा ने देखा ना? बोले ना कवड्या है?”

“बघितलं, पण नीट नाही बघितलं.”

“रुचिता, तू टेंशन मत ले. बिस्तर झटक ले.” मग हळूच, “फोटो भेज.”

फोटोत कात म्हणजे जमिनीवरची एक पांढुरकी रेघ आली. त्याने तो त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. कोणी धामण म्हणालं, कोणी नागीण. एकाने हात जोडल्याची खूण पाठवली.

दुपारी जेवणं झाली. बाबांनी कात गुंडाळून मागच्या पडवीत विटेखाली ठेवली होती, संध्याकाळी नाल्यात टाकू म्हणून. सासूबाई सुजूला मांडीवर घेऊन झोके देत होत्या. तिच्या डोक्याखाली तिची राईची उशी, मोहरी भरलेली, डोक्याला गोल आकार यावा म्हणून माझ्या आईने गोंदियाहून पाठवलेली. उशीच्या एका कडेला लाल दोऱ्याचे टाके दिसले. काल नव्हते.

“उशी उसवली होती का, आई?”

“हव, थोडी,” सासूबाई म्हणाल्या आणि झोका जरा जोरात दिला.

सुजू झोपली. झोपेत ती मध्येच दचकते, दोन्ही हात वर फेकते, जणू कोणी तिला उंचावरून सोडून दिलंय. मी दोनदा डॉक्टरांना दाखवलं आहे. त्यांनी सांगितलं, वाढत्या वयात होतं. सासूबाईंनी मान हलवली होती, डॉक्टरला काय कळतं अशा अर्थाची.

उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी बारीक काळी धूळ खिडकीच्या कठड्यावर बसली होती. वर ढग, पण पाऊस नाही. सगळ्या पाऱ्यावर दुपार अशी पसरली होती की कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली तीही ओल्या कापडातून आल्यासारखी आली. अशा वेळी मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. का, ते सांगता येत नाही. तिथेही असाच हिरवट उजेड असायचा, कपाटांच्या काचांतून गाळून आलेला, आणि काचेच्या बरण्यांमध्ये साप उभे तरंगत असायचे. नाग, घोणस, मण्यार, कवड्या. फॉर्मलिनमध्ये राहून राहून सगळ्यांचा रंग एकच झालेला, शिळ्या भातासारखा. आम्ही मुली चिठ्ठ्या वाचून नावं सांगायचो. मग मॅडमनी एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या.

“रंगावर जाऊ नका,” त्या म्हणाल्या. “रंग उडतो. खवल्यांना विचारा.”

मग त्यांनी वाटा शिकवल्या. साप ओळखायच्या वाटा. प्रत्येक वळणावर एकच प्रश्न आणि दोनच रस्ते. शेपूट वल्ह्यासारखी चपटी की गोल? चपटी तर समुद्राकडे जा. गोल तर पुढे चला. पोटावरच्या पट्ट्या अर्धवट की या कडेपासून त्या कडेपर्यंत? डोक्यावर बारीक खवले की मोठ्या ढाली? पाठीच्या कण्यावरची ओळ बाकीच्यांसारखी, की मोठी, सहा कोनांची? मला ते फार आवडायचं. वाटायचं, जगात भिण्यासारखं जे काही आहे ते सगळं असं एकेका वळणावर मागे सोडता येईल, आणि शेवटी एक नाव उरेल. मग लग्न झालं, रायपूरला आले, सुजू झाली. त्या वाटांवर गवत उगवलं.

मी उठले. पडवीतली वीट बाजूला केली. कातीचा चुरगळून दोर झाला होता. ओढली असती तर फाटली असती. मॅडमनी हेही सांगितलं होतं: वाळलेली कात भिजवावी. मी सगळ्यात मोठी परात घेतली, अंगणात नळाखाली भरली आणि कात पाण्यावर सोडली.

आधी ती तशीच तरंगली. मग एका टोकापासून तिने पाणी प्यायला सुरुवात केली. घड्या सुटू लागल्या. दोराची नळी झाली, नळीची फीत, आणि ती फीत परातीच्या कडेने स्वतःच गोल फिरत, कोणी आत असल्यासारखी, हळूहळू लांब होत गेली. मी पाण्यात हात घातला तेव्हा ती बोटांभोवती आली. तिला वजन नव्हतं. सुजूच्या टाळूला हात लावताना वाटतं तसंच काहीसं वाटलं, की याच्या आत जे आहे ते फार जवळ आहे. भीती कुठे गेली मला कळलं नाही. परातीत ढग दिसत होते आणि ढगांत ती कात.

“पीठ मळून राहिली का?” बाबा मागे येऊन उभे होते.

“बघतेय, बाबा.”

“तुमची बीएस्सी परातीत भिजत घातली वाटते.” पण ते गेले नाहीत. पायरीवर बसले, गुडघ्यांवर हात.

मी रुंद टोक शोधलं. डोकं खरंच तेच होतं, मोरीकडचं. त्यावर मोठ्या ढाली, आणि दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या जागी मोहरीएवढ्या दोन गोल काचा. सापाला पापणी नसते. तो कात टाकतो तेव्हा डोळ्यावरचं पातळ झाकणही टाकतो. त्या काचा बाहेर फुगलेल्या असायला हव्यात. या आत दबलेल्या होत्या, वाटीसारख्या. मी ते पाहिलं, आणि पाहून पुढे गेले. नजर तिथे गेली, मन गेलं नाही.

मानेपासून बरंच अंतर पट्टे नव्हते. पुढे हळूहळू उमटत गेले, फिकट, दोन दोन जवळ. मॅडम म्हणाल्या होत्या रंगावर जाऊ नका. मी पाठीची ओळ शोधली. कात तळहातावर पसरली, आभाळाकडे धरली.

मधली ओळ मोठी होती. एकामागे एक, सहा कोनांच्या फरश्या, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात होत्या तशा.

“बाबा, हे बघा.”

त्यांनी चष्मा पुसला, डोळे बारीक केले. “मले तर सारे सारखेच दिसून राहिले.”

“मधली ओळ मोठी आहे. मण्यारची असते.”

“रुचिता,” ते हळू म्हणाले, आवाजात टोमणा नव्हता, “तू पोट्टीचा श्वास मोजते बसून. मुंगी चावली तर फोटो काढते. मी काही म्हणत नाही, तू माय आहे. पण भिलेल्या माणसाले गोल भी षटकोन दिसते.”

हे मला लागलं, कारण तेच मी स्वतःला विचारत होते. मी पुन्हा पाहिलं. पाण्याचा थेंब खवल्यावर बसला की खवला मोठा दिसतो. थेंब झटकला. तरी मोठा दिसला. पण दिसतोय की मी दाखवून घेतेय? ज्या बाईला भादव्यात लेकराला मोजे घालावे लागतात तिच्या डोळ्यांवर तिने तरी किती विश्वास ठेवावा?

शेवटचं एक वळण उरलं होतं. शेपटीच्या खालची बाजू. कवड्याच्या शेपटीखाली खवले जोडीने असतात, मधून वेणीसारखी नागमोडी रेघ जाते. मण्यारला जोडी नसते, एकेक अखंड पट्टी, टोकापर्यंत. त्यात भीतीला काही करता येत नाही. रेघ असते किंवा नसते.

मी कात दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेली. शेपूट नव्हती. कात जिथे संपत होती तिथे ती फाटलेली नव्हती. सरळ, स्वच्छ कडा, कात्रीने कापावी तशी.

मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. सुजू जागी होऊन त्यांच्या कडेवर होती आणि आजीचं मंगळसूत्र चोखत होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, परातीकडे पाहिलं.

लाल दोरा मला तेव्हा आठवला.

“आई,” मी म्हटलं, “उशी द्या जरा.”

“कायले?”

“द्या ना.”

“अवो, काय झालं?” बाबा आम्हा दोघींकडे बघत म्हणाले. “उशीचं काय?”

 सासूबाई खोलीत गेल्या, उशी घेऊन आल्या आणि बाबांकडे पाठ करून माझ्या हातात दिली. “पोट्टी दचकते,” त्या पुटपुटल्या. “माही माय आमच्या उशीत घालायची. शेपटीचा तुकडा घातला का लेकरू दचकत नाही.”

“कातीचा तुकडा?” बाबा उठलेच. “पोट्टीच्या डोक्याखाली? अंजनाबाई! बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण? समोर उभं राहून, पांढरं लुगडं नेसून घेतल्या ना?”

“घेतल्या. त्यात कातीचं नव्हतं.”

“सारं होतं त्यात! हे असलंच सारं होतं!”

“तुमचा डॉक्टर थांबवून राहिला का दचकणं? मले काय करू वाटते, पोट्टी झोपेत हात फेकते तर? मंत्र नाही म्हटला, पूजा नाही केली. शिवलं फक्त.”

मी दातांनी लाल दोरा तोडला. मोहरीच्या दाण्यांत दोन बोटं घातली. दाणे गार होते, सुजूच्या डोक्याच्या खळग्यात दबून घट्ट झालेले. आत, कापडाच्या चिंधीत गुंडाळलेला, बोटभर तुकडा. मी तो पाण्यात सोडला. आम्ही तिघंही परातीवर वाकलो, आणि सुजूही आजीच्या कडेवरून वाकली, चार डोकी पाण्यात एकत्र दिसली. तुकडा उलगडायला वेळ लागला. मग तो एखाद्या पाकळीसारखा चपटा होऊन पालथा झाला.

रेघ नव्हती. एकेक अखंड पट्टी, लहान लहान होत, टोकापर्यंत.

“वेणी नाही,” मी म्हणाले. “मण्यार आहे.”

 सासूबाईंनी सुजूला दुसऱ्या कडेवर घेतलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट छातीत काहीतरी शांत झालं. माझ्या भीतीला नाव मिळालं होतं आणि ते नाव खरं होतं.

“ठीक,” बाबा शेवटी म्हणाले. “मण्यार तर मण्यार. माह्या नजरेची चूक. पण गेला ना बाहेर. मोरीले जाळी बसवून टाकतो आजच. तोंड मोरीकडेच होतं, ते तर तू भी पाहिलं.”

ते मीही पाहिलं होतं. मी मान हलवली. ते जाळीचा तुकडा शोधायला पडवीत गेले, सासूबाई उशीतली मोहरी ताटात काढू लागल्या आणि सुजूला मी मधल्या खोलीत जमिनीवर ठेवलं, अंघोळीआधी कपडे काढायला. सकाळी जिथे कात होती त्याच भिंतीशी.

सुजूला हल्ली एक मिनिट दम नाही. पालथी झाली आणि निघाली. मी तिचा एक मोजा घोट्याशी धरला. ती थांबली नाही. हसत, ओरडत, ढोपरांवर पुढे ओढत गेली, आणि मोजा तिच्या पायावरून सोलत मागे आला. पाय निघाला. ती पुढे. माझ्या चिमटीत मोज्याची वरची कड राहिली होती, आणि मोजा पूर्ण उलटा होऊन जमिनीवर पडला होता. आतली शिवण बाहेर. चवड्याचं टोक तिच्या दिशेला.

मी त्या मोज्याकडे पाहत बसले. किती वेळ, ठाऊक नाही. फार नसेल. पण त्या वेळात ती परात, बरणीतले साप, आत दबलेल्या डोळ्यांच्या काचा, सगळं माझ्यासमोरून संथ वाहत गेलं. काचा आत दबलेल्या होत्या. कात उलटी होती. साप ओठ कुठेतरी घासतो, तिथे कातीची कड अडकते, आणि तो तिच्यातून पुढे निघून जातो. तोंडाची कड जागेवर राहते. शेपूट सगळ्यात शेवटी सुटते. मोज्याच्या चवड्यासारखी. शेपूट जिकडे, तिकडे तो.

तो मोरीतून गेला नव्हता. मोरीतून आला होता. उंबऱ्याच्या खरबरीत कडेला ओठ घासून, कोट मागे टाकत, भिंतीच्या कडेने.

सुजू आमच्या खोलीच्या दारात पोचली होती. एक पाय उघडा, एक मोज्यात. आत जमिनीवर अंथरुणं.

मी ओरडले नाही. आजही मला कळत नाही का. मी चार ढांगांत गेले आणि तिला उचललं, उचलून दार ओढून घेतलं आणि कडी लावली. खालच्या फटीत तिचा टॉवेल कोंबला.  मी भिंतीला टेकून बसले. सुजू माझ्या नाकाला चावत होती.

“बाबा,” मी हाक मारली. हळू. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून मारावी तशी.

ते जाळी घेऊन आले. मी मोजा दाखवला, सांगितलं. दुसरा मोजाही काढून दाखवला, सुजूला पुढे सरकू देऊन. बाबा वाकून बघत राहिले, खालून बघत राहिले. चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा लावला.

“म्हणजे इंजिन मागे सोडून गाडी आत गेली,” ते म्हणाले. मग दाराकडे पाहत, “मले पाहिजे होतं का गेला असावा. म्हणून मले गेलेला दिसला.”

साप पकडणारा विकी पिंकीच्या ओळखीचा. तिनेच फोन लावला आणि तिनेच गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याला आणला. वाटेत तिने सगळ्यांना सांगितलं असावं, कारण अंगणात बरीच माणसं आली. “मैं बोली रही न, करायत हे!” ती प्रत्येकाला म्हणत होती, आणि तिला तो मान होताच. विकी पंचविशीचा, हातात आकडा, खांद्यावर पिशवी, मोठी प्लास्टिकची बरणी. त्याने परातीत डोकावून पाहिलं, शेपटीचा तुकडा बोटावर घेतला, उलटा केला, आणि माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. एकाच वर्गात शिकलेल्यांनी हलवावी तशी.

मी अंगणातच राहिले, सुजूला घेऊन. उघड्या खिडकीतून खोली दिसत होती, माझीच, पण दुसऱ्या कोणाची असावी तशी. ढग पातळ झाले होते. खाली उतरलेलं ऊन अंथरुणांवर आडवं पडलं होतं. विकीने आकड्याने एकेक चादर उचलली, झटकली. काही नाही. उशांचा बांध मोडला. काही नाही. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या कूलरवर गेली. उन्हाळा संपला की आम्ही कूलर खिडकीतून काढून तिथेच ठेवतो, खसच्या जाळ्यांसकट, पुढच्या वर्षी बदलू म्हणून. सुजूच्या उशापासून तो हातभर लांब.

त्याने खसची एक जाळी हलकेच बाहेर ओढली.

तो तिथे होता, कूलरच्या ओल्या तळाशी, स्वतःभोवती गुंडाळलेला, डोकं अंगाखाली घेऊन. नुकता नवा झालेला. मी बरण्यांत पाहिला होता तो शिळ्या भाताच्या रंगाचा. हा तसा नव्हता. निळा म्हणावा इतका काळा, आणि त्या काळ्यावर दुधाच्या बारीक धारा, दोन दोन. उन्हाची एक तिरीप त्याच्या पाठीवरून गेली आणि मधली ओळ चमकली. एकामागे एक, सहा कोनांच्या फरश्या. विकीने आकड्यावर घेतला तेव्हा तो घाईत नव्हता. दिवसा ते सुस्त असतात. झोपेतून कोणी उचलून नेतंय आणि आपण नेऊ देतोय, असा तो बरणीत उतरला. सुजूने त्याच्याकडे हात केला आणि ‘आ’ म्हणाली, चांदोबाला म्हणते तसं.

मी तिचा हात मुठीत घेतला. पण मीही पाहत राहिले.

“जंगल तरफ छोड़ दूँगा, दीदी,” विकी झाकण फिरवत म्हणाला. “किसने पहचाना, पापाजी ने?”

“नाही, बहूने,” बाबा म्हणाले. “बीएस्सी है वो.” सकाळपासून हा शब्द त्यांनी टोमण्यानेच वापरला होता. आताही सूर जवळजवळ तोच होता.

यशदीप आला तेव्हा गर्दी पांगली होती आणि बाबा भिंतीला लावलेला दिवाण खाली घेत होते. त्याच्या अंगावर लोखंडाची धूळ, हातात जेवणाचा डबा. “क्या हुआ? मैं बोला था ना झटक लेना,” म्हणाला. मग माझा चेहरा पाहून डबा तसाच खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूने दिवाण धरला. कूलर अंगणात गेला. जाळ्या जाळल्या. मोरीला जाळी बसली. दिवाणाच्या उघड्या बाजूला बाबांनी जुनी फळी ठोकली, हाताने हलवून पाहिली, स्वतः आडवे होऊन पाहिली.

“आता दाखव पडून,” ते सुजूला म्हणाले.

दिवेलागणीला ती माझ्या मांडीवरच झोपली. मी तिला फळीच्या आत ठेवलं, मच्छरदाणी गादीखाली चहूकडून खोचली. मोजे घातले नाहीत, दोन्ही दोरीवर वाळत होते. डोक्याखाली नुसती घडी केलेली ओढणी. आम्ही तिघं दिवाणाशी उभे होतो. यशदीप मोरीत होता, पाण्याचा आवाज येत होता. अंगणात परात तशीच होती. कोणी तिला अजून हात लावला नव्हता.

सुजू दचकली. दोन्ही हात वर फेकले.

तीन हात एकदम मच्छरदाणीला लागले. जाळी आत गेली, आणि तिला काहीच न कळता ती पुन्हा शांत झाली.

“पाहा,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “काढला तुकडा, दचकली.”

“घातला होता तेव्हा काय करत होती? दुपारी भी दचकली.”

“एका दिवसात थोडीच गुण येते!”

“अंजनाबाई,” बाबा म्हणाले, पण हात त्यांनी मच्छरदाणीवरून काढला नव्हता.